धूर, शिंतोडे आणि सॅकरिन: ऑपरेशन थिएटरच्या हवेच्या चटपटीत गोष्टी

ऑपरेशनच्या वेळी पेशंट भुलेखाली गाढ झोपलेला असतो आणि बाहेर बाकड्यावर नातेवाईक देव पाण्यात घालून बसलेले असतात. सगळ्यांना काळजी असते ती या दोघांची. आत उभे असलेले सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, ओटी असिस्टंट आणि शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशी तास-दोन तास ज्या हवेत श्वास घेतात, तिच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून आज त्या हवेच्या गोष्टी. काही गमतीच्या आहेत, काही अंगावर काटा आणणाऱ्या.

आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात थिएटरं काही कमी नाहीत. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, महिला रुग्णालय आहे आणि २०१९ साली सुरू झालेलं, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव असलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय, भिगवणला ग्रामीण रुग्णालय. शिवाय दोन्ही गावांतली खासगी नर्सिंग होम वेगळी. सिझर, हर्निया, अपेंडिक्स, दुर्बिणीची ऑपरेशनं, पुणे-सोलापूर महामार्गावरच्या अपघातातली मोडलेली हाडं. गळीत हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या तळांवर ऊसतोडीची कुटुंबं उतरतात. रात्री-अपरात्री त्यातली एखादी बाळंतीण अडली की थेट टेबलावर. तिला महिनाभर खोकला आहे का, हे विचारायलाही तेव्हा कुणाला उसंत नसते. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, हे लक्षात घेतलं की त्या न विचारलेल्या प्रश्नाचं वजन कळतं.

मास्क आला तो पेशंटसाठी

१८९७ हे साल लक्षात ठेवा. युरोपात ब्रेस्लाऊ शहरात कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवून दिलं, की नुसतं बोलतानाही तोंडातून जंतू असलेले बारीक शिंतोडे उडतात. त्यांच्याच शहरातले सर्जन योहान मिकुलिच यांनी लगेच तोंडावर गॉजची पट्टी बांधून ऑपरेशनं सुरू केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल बर्जर यांनीही मास्क चढवला. कशासाठी? तर डॉक्टरची थुंकी पेशंटच्या जखमेत पडू नये म्हणून. डॉक्टरला काही होईल, हा विचार त्यात नव्हता.

आणि त्याच १८९७ मध्ये आपल्या पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. सावित्रीबाई फुले रुग्णांना उचलून मुलगा डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तो प्लेग प्रामुख्यानं उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता, त्यामुळे ब्रेस्लाऊची गॉजपट्टी त्यांना वाचवू शकली असती असं म्हणता येत नाही. पण शुश्रूषा करणाऱ्याला कसं जपायचं, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात किती भयंकर रीतीनं उभा राहिला होता, ते विसरता कामा नये.

मास्क नको म्हणाले आणि जिवाला मुकले

डॉक्टरच्या स्वतःच्या फुप्फुसांसाठी मास्क हवा, हे ठासून सांगितलं ते पेनांगमध्ये जन्मलेल्या वू लिएन-तेह यांनी. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. वू म्हणाले, हा उंदरांवरून नाही, श्वासातून पसरतोय. त्यांनी गॉज आणि कापसाच्या थरांचा जाड मास्क बनवला आणि सगळ्यांना बांधायला लावला. जेराल्ड मेनी नावाचे नामांकित फ्रेंच डॉक्टर आले, त्यांनी या तरुण डॉक्टरचं म्हणणं धुडकावलं आणि मास्क न लावता वॉर्डात गेले. काही दिवसांतच त्याच प्लेगनं त्यांचा बळी घेतला. त्यानंतर मास्कबद्दल वाद घालणारं फारसं कुणी उरलं नाही. पुढे १९३५ साली वू यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं. आजच्या एन-९५ मास्कच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून त्यांच्याचकडे बोट दाखवतात.

गिनीपिगांनी दिलेली साक्ष

क्षयाचा जंतू रॉबर्ट कोख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. पण तो हवेतून पसरतो, हे पक्कं सिद्ध व्हायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीनं वर घेतली आणि छतावरच्या पिंजऱ्यांतल्या गिनीपिगांना दिली. गिनीपिगांनी एकाही पेशंटचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी एकामागून एक गिनीपिग क्षयानं आजारी पडत गेले. त्याच हवेचा दुसरा झोत अतिनील दिव्यांखालून नेऊन दुसऱ्या गिनीपिगांना दिला, तर ते ठणठणीत.

कण किती बारीक आहे, यावर तो हवेत किती वेळ रेंगाळतो ते ठरतं. शांत हवेत पाच मायक्रॉनचा कण माणसाच्या नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ घेतो, एक मायक्रॉनचा कण बारा तासांहून जास्त. म्हणजे सकाळच्या पहिल्या केसचा खोकला दुपारच्या केसपर्यंत खोलीत असू शकतो, जर हवा बदललीच नाही तर.

हवा बदलायला किती वेळ लागतो?

थिएटरच्या हवेचं गणित सोपं आहे. खोलीत जेवढी हवा मावते, तेवढी हवा तासात किती वेळा बदलते ते मोजायचं. रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएचची अपेक्षा आहे तासाला किमान वीस वेळा, त्यातली चार वेळा बाहेरची ताजी हवा. हवा खोलीत नीट मिसळत असेल, तर वीसच्या वेगानं तरंगणारे ९९ टक्के कण जायला १४ मिनिटं लागतात. बाराच्या वेगानं २३ मिनिटं, सहाच्या वेगानं ४६. दोन केसेसमध्ये किती थांबायचं, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

आता खरी गोम. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोली थंड करतो, पण हवा बदलत नाही. तीच हवा आत ओढतो आणि तीच गार करून सोडतो. त्याच्या ओलसर आतड्यांत जंतूंना वाढायला जागा मिळते ती वेगळीच. म्हणून एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचना थिएटरमध्ये खिडकीचा किंवा स्प्लिट एसी लावूच नका, असं स्पष्ट सांगतात. तालुक्याच्या गावांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये मात्र आजही तो दिसतो, कारण एअर हँडलिंग युनिट, डक्ट आणि हेपा फिल्टर बसवायचे म्हणजे मोठा खर्च. डॉक्टरांची अडचण मला समजते. तरीसुद्धा नवीन थिएटर बांधायला घेतलं असेल, तर इटालियन टाइल्सआधी डक्टचे पैसे बाजूला काढावेत, असं माझं स्वच्छ मत आहे.

हेपा फिल्टरचीही एक गंमत. अमेरिकेनं अणुबॉम्ब बनवायला घेतला तेव्हा किरणोत्सारी धूळ अडवायला जे फिल्टर तयार झाले, त्यांच्याच पोटी हा जन्मला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. पण त्याच्याआधी बसवलेले जाड फिल्टर वेळेवर धुतले नाहीत तर तो लवकर चोंदतो, आणि ऊसवाहतुकीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर किती धुरळा उडतो ते इथल्या माणसाला सांगायला नको.

दार उघडलं की पाणी फिरलं

थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे कॉरिडॉरमधली घाण आत शिरत नाही. पेशंटसाठी हे उत्तम. पण टेबलावर क्षयाचा पेशंट असेल तर हाच दाब त्याच्या श्वासातले जंतू दाराच्या फटीतून बाहेर, थेट सिस्टरांच्या टेबलापर्यंत ढकलतो. ऑपरेशन थिएटरच्या हवेतला हा सगळ्यात मोठा पेच आहे.

त्यावरचे उपाय जगभर ठरलेले आहेत आणि बहुतेक बिनपैशाचे आहेत. ऑपरेशन थांबू शकत असेल तर औषधांनी पेशंटचा संसर्ग आटोक्यात येईपर्यंत थांबवायचं. थांबू शकत नसेल तर त्याला दिवसाच्या यादीत शेवटी घ्यायचं. आत मोजकीच माणसं ठेवायची, दार सारखं उघडायचं नाही, भुलेच्या नळीला जंतू अडवणारा फिल्टर लावायचा, सगळ्यांनी एन-९५ घालायचा आणि केस संपल्यावर हवा साफ होईपर्यंत मावशींना आत पाठवायचं नाही. शेवटचं कलम सगळ्यात जास्त मोडलं जातं. मावशींना साधा कापडी मास्क आणि सर्जनना एन-९५, ही वाटणी तर मुळीच पटण्यासारखी नाही. हवा पगार बघून फुप्फुसात शिरत नाही.

एका धुराची कुंडली

आता सगळ्यात दुर्लक्षित प्रकार: कॉटरीचा धूर. आजकाल सुरीबरोबर कॉटरीनंही कापतात. विजेच्या उष्णतेनं ऊती कापली जाते आणि रक्तही जागीच थांबतं. त्यातून जो धूर निघतो त्यात बहुतांश वाफ असते. उरलेल्या थोड्या भागात बेंझिन, टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड, पेशींचे तुकडे आणि कधीकधी विषाणूंचे अंश असतात. कॉटरीच्या धुराचे कण सरासरी ०.०७ मायक्रॉनचे, म्हणजे साध्या सर्जिकल मास्कला सहज चकवा देतील इतके बारीक.

१९८१ साली जपानी संशोधकांनी या धुरानं जिवाणूंच्या जनुकांत किती बिघाड होतो ते मोजलं. कॉटरीनं एक ग्रॅम ऊती जाळली की निघणारा धूर सहा सिगारेटींच्या धुराइतका घातक ठरला, लेसरचा तीन सिगारेटींइतका. आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या सिस्टर रोज हा धूर घेतात.

विषाणूंचं काय? १९८८ साली लेसरनं चामखीळ जाळतानाच्या धुरात पॅपिलोमा विषाणूचा डीएनए सापडला. १९९१ साली नॉर्वेतल्या एका सर्जनची केस छापून आली. पेशंटच्या गुदद्वाराजवळच्या गाठी लेसरनं जाळता जाळता त्याच्या स्वतःच्या स्वरयंत्रावर पॅपिलोमाच्या गाठी आल्या होत्या. धुरातूनच लागण झाली असावी, असं त्याच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

उपाय आहे. स्मोक इव्हॅक्युएटर नावाचं यंत्र कॉटरीच्या टोकाजवळच धूर ओढून घेतं आणि गाळतं. नळीचं तोंड जखमेपासून पाच सेंटिमीटरच्या आत धरायचं, एवढीच अट. लांब धरलं की निम्मा धूर नाकात. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यानं २०१८ साली पहिल्यांदा कायदा करून थिएटरमधला धूर ओढून घेणं बंधनकारक केलं, मग इतर राज्यं मागोमाग आली. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर पोटात भरलेला गॅस आणि धूर शेवटी पोर्ट उघडून एकदम खोलीत सोडून देण्याची सवय असते. तो फिल्टरमधून सोडायला फार काही लागत नाही.

साखरपट्ट्यात सॅकरिनची परीक्षा

एन-९५ घातला म्हणजे काम झालं, असं नाही. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. हे तपासायची रीत ऐकून आपल्या ऊस पिकवणाऱ्या तालुक्यांत कुणालाही मजा वाटेल. मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवतात आणि आत सॅकरिनचा फवारा मारतात. मग मान इकडेतिकडे वळवायला, वाकायला, मोठ्यानं बोलायला सांगतात. तोंडाला गोड लागलं की नापास! मास्कच्या कडेतून हवा आत येतेय, दुसरा आकार घ्या. ज्यांना गोडाची चव कळत नाही त्यांच्यासाठी कडू फवाराही असतो. जिथे ही परीक्षा होत नाही तिथे निदान रोज मास्क घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडून बघावा. गालावर किंवा डोळ्यांकडे वारा लागला तर पट्टी पुन्हा आवळावी.

एन-९५ चे धागे विद्युतभारित असतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे ते बारीक कण ओढून धरतात. त्यामुळे जाळी फार दाट न करताही श्वास घेता येतो. ही भार देण्याची पद्धत विकसित करणारे पीटर त्साय हे तैवानमधून अमेरिकेत गेलेले संशोधक. पण साबणानं धुतला किंवा सॅनिटायझर मारला की हा भार उतरतो आणि मास्क दिसायला तसाच, कामाला निरुपयोगी होतो. आणि व्हॉल्व्ह असलेला एन-९५ तर थिएटरमध्ये नकोच. त्यातून सर्जनचा श्वास न गाळता थेट जखमेवर जातो.

दाट दाढी असेल तर मास्क बसत नाही. शीख डॉक्टरांनी यावर युक्ती काढली: दाढीवर ताणल्या जाणाऱ्या रबरी पट्टीचं आवरण, डोक्यावर बांधलेलं, आणि त्यावर मास्क.

कंदिलाखालचं ऑपरेशन

१२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगातून महात्मा गांधींना अपेंडिक्ससाठी पुण्याच्या ससूनमध्ये आणलं होतं. कर्नल मॅडॉक ऑपरेशन करत असताना वीज गेली, टॉर्चही विझला, आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. आज वीज गेली तर टेबलावरचा दिवा क्षणात परत लागतो, मॉनिटर चालू राहतो. पण हवा खेळवणारं यंत्र जनरेटरवर जोडलेलं आहे का? नसेल तर उजेड असलेल्या त्या खोलीतली हवा जागच्या जागी थांबते. वैशाखातल्या वीजकपातीच्या दिवसांत हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयानं आपल्या इलेक्ट्रिशियनला विचारावा.

फॉर्मॅलिनचा जुना नाद

रविवारी थिएटर बंद करून फॉर्मॅलिनचा धूर सोडायचा आणि सोमवारी डोळे चोळत आत जायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. फॉर्मॅलिनमधला फॉर्माल्डिहाइड २००४ साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. आणि रविवारी मारलेले जंतू सोमवारी पहिल्या पेशंटबरोबर पुन्हा येतातच. पृष्ठभाग नीट पुसणं आणि हवा सतत बदलणं, यावर भर द्यावा, असंच आताचं शास्त्र सांगतं. फॉर्मॅलिनचा हा नाद सुटला तर थिएटरमधल्या मंडळींचे डोळे आणि घसे दोन्ही दुवा देतील.

याला इतिहासही जुना आहे. जोसेफ लिस्टर ऑपरेशन चालू असताना १८७१ पासून खोलीत कार्बोलिक आम्लाचा फवारा मारत. सगळ्यांच्या नाकाला झोंबे, हात सोलवटत. पुढे त्यांनी स्वतःच तो फवारा सोडून दिला आणि १८९० साली त्याची शिफारस केल्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. इतक्या मोठ्या माणसानं सोडला, आपण सव्वाशे वर्षांनी तरी सोडावा.

कोविडनं काय शिकवलं

एप्रिल २०२० मध्ये घरोघरी सामान पोचवून रस्ते बंद ठेवणारा 'बारामती पॅटर्न' गाजला. त्याच दिवसांत थिएटरमध्ये वेगळीच परीक्षा चालू होती. त्याआधी पीपीई किटसाठी आपण बाहेरच्या देशांवर अवलंबून होतो, काही महिन्यांत देशात रोज लाखांच्या घरात किट शिवले जाऊ लागले. त्यात घामानं निथळत तास-तास उभं राहिलेल्या ओटीच्या लोकांचं ऋण मोठं आहे. तैवानच्या एका डॉक्टरनं श्वासनलिकेत नळी घालताना पेशंटच्या डोक्यावर ठेवायचा पारदर्शक डबा काढला. सगळीकडे त्याच्या नकला झाल्या. पण पुढे कळलं की त्यात हात अडकतात, वेळ जास्त जातो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं काही महिन्यांतच परवानगी मागे घेतली.

सगळ्यात चकित करणारी गोष्ट ब्रिटनमधून आली. संशोधकांनी भूल देताना हवेतले कण मोजले तर काय दिसलं? नळी घालण्यापेक्षा एका साध्या खोकल्यातून कितीतरी जास्त कण उडतात! म्हणजे भूल उतरताना खोकणारा पेशंट आणि रिकव्हरीत त्याच्याजवळ उभी असलेली सिस्टर यांच्याकडेही तितकंच लक्ष हवं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं नाकाची ऑपरेशनं वाढली, तेव्हा तर हे जास्तच जाणवलं. बुरशी माणसाकडून माणसाला लागत नव्हती, पण त्याच नाकात कोविडचा विषाणू असू शकत होता.

आता वाचकांना सांगणं आहे ते एवढंच. तुमच्या घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं आणि त्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, रात्री ताप येत असेल, वजन उतरत असेल, घरात कुणाला क्षय झाला असेल, तर डॉक्टर विचारायची वाट न पाहता आधी सांगा. ऑपरेशन पुढे जाईल या भीतीनं लपवू नका. तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि औषधंही मोफत मिळतात. थिएटरच्या दारातून डोकावू नका. आणि रुग्णालयाला वडिलांच्या नावानं काही द्यायचं मनात असेल, तर बाकडं किंवा पंखा देण्याआधी तिथल्या सिस्टरना विचारा, धूर ओढायचं मशीन आहे का.